साखरपाण्यातला धूर

दुसऱ्या पेल्यातला घोट जिभेवर पसरला आणि क्षमाला धूर लागला. चिपाडांचा, ओलसर, डोळ्यांत पाणी आणणारा, गुऱ्हाळाच्या चुलवाणातून निघतो तसला धूर. ती बसल्या जागी ताठ झाली. श्रावणात सर्दीचं निमित्त होऊन तिचं नाक बसलं होतं ते पुन्हा उठलंच नव्हतं, आणि ही गोष्ट तिने नवऱ्यापासून ऑफिसच्या शिपायापर्यंत कुणाला म्हणजे कुणाला कळू दिली नव्हती. कळू देऊन चालणारही नव्हतं. बंगळुरात आनेकलच्या रस्त्यावरची तिची कंपनी स्वाद बनवायची, म्हणजे बिस्किटातला वेलदोडा, सरबतातला आंबा, खोकल्याच्या औषधातली रासबेरी, आणि क्षमा तिथे चव घेणाऱ्यांच्या गटाची प्रमुख होती. नाक नसलेली चवप्रमुख कुणी ठेवून घेतली असती? जिभेला गोड कळत होतं, खारट, आंबट, कडू कळत होतं. पण आंब्याचा आंबेपणा आणि वेलदोड्याचा वेलदोडेपणा हा सगळा नाकाचा कारभार असतो, आणि तो कारभार गेले कित्येक महिने बंद होता. आणि आज, जानेवारीतल्या ह्या साध्या शुक्रवारी, एका जपानी बाईसमोर, चिकोडीजवळच्या तिच्या गावातलं गुऱ्हाळ धडाधडा पेटलं होतं. आलं, ती मनाशी म्हणाली, परत आलं. आणि स्वतःला सावरायच्या आधीच ती मोठ्याने बोलून गेली, "हाच खरा जपानी पाक. ह्यात धूर आहे बघा, चिपाडं जाळल्यासारखा." टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी माना हलवल्या आणि आपापल्या कागदावर धूर असं लिहून टाकलं.

जपानी बाई म्हणजे मोरी-सान. कोरमंगलात तिचं जपानी मिठाईचं लहानसं दुकान होतं. तिथली एक मिठाई नेच्याच्या मुळातून काढलेल्या सत्त्वाची असे, नाव वाराबी मोची. पाण्यासारखे पारदर्शक, थरथरणारे चौकोन, त्यांच्यावर भाजलेल्या सोयाबीनचं पीठ आणि वरून काळ्या साखरेचा पाक. हा पाक जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवरून यायचा, कधी वेळेवर यायचा, कधी यायचाच नाही. तेव्हा जवळच्या मांड्या जिल्ह्यातली काकवी घेऊन तिच्यात थोडी इकडची तिकडची चव मिसळून तोच पाक इथे करता येईल का, एवढंच काम कंपनीकडे आलं होतं. टेबलावर तीन पेले होते. एकात जपानचा पाक, एकात मांड्याची सुधारलेली काकवी, आणि तिसरा कोरा, म्हणजे रंग घातलेला नुसता साखरेचा पाक, चव घेणारे जागे आहेत की नाहीत हे बघायला ठेवलेला. पेल्यांवर फक्त आकडे. कुठल्या आकड्यात काय आहे ते ज्या मुलीने पेले भरले तिलाच ठाऊक, आणि ती मुलगी होती आश्लेषा. आश्लेषाने घडी केलेला कागद उघडला. एकदा कागदाकडे बघितलं, एकदा पेल्यांकडे, मग पुन्हा कागदाकडे, आणि तिचे कान लाल झाले. "दुसरा कोरा आहे, सर," ती हळूच म्हणाली. मग क्षमाकडे न बघता घाईघाईने, "नाही नाही, सॉरी, माझ्याकडूनच पेले बदलले असतील. भरताना अदलाबदल झाली वाटतं." क्षमाचे वरिष्ठ चंदन सर पाहुण्यांसमोर आवाज चढवत नसत, पण त्यांचा तो मऊ आवाज जास्त लागायचा. असल्या साध्या कामात चूक कशी होते, असं त्यांनी आश्लेषाला विचारलं, मोरी-सानची माफी मागितली आणि सोमवारी नव्याने चाचणी घेऊ असं ठरवून टाकलं. मोरी-सानने सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि जाताना क्षमाच्या हातात मिठाईचा डबा ठेवला. आश्लेषा पेले उचलून धुवायला घेऊन गेली. कुठल्या पेल्यात काय होतं हे आता कुणालाच बघता येणार नव्हतं.

घरी जाताना बस सिल्क बोर्डाच्या चौकाअलीकडे तुंबली तेव्हा क्षमाच्या मनात एकच प्रश्न घिरट्या घालत होता. पेले बदलले असतील तर तिचं नाक परत आलं होतं. बदलले नसतील तर तिने नुसत्या साखरपाण्यात अख्खं गुऱ्हाळ पाहिलं होतं. गंमत म्हणजे तिला भीती कमी आणि नवलच जास्त वाटत होतं. खोटं बोलताना माणसाला आपण खोटं बोलतोय हे कळतं, निदान नंतर तरी कळतं. गेले चार-पाच महिने ती खोटं बोलतच होती. सरबताचे नमुने आले की ती आधी दुसऱ्यांचे चेहरे बघायची, कुणाची भुवई वर गेली, कुणी दुसरा घोट घेतला, आणि मग जुन्या अनुभवाच्या जोरावर दोन शब्द टाकून द्यायची. ते शब्द चालून जायचे कारण ते क्षमाचे असायचे. आपण काय करतोय हे तिला पक्कं माहीत होतं. पण आजचा धूर तसा नव्हता. तो तिने शोधला नव्हता, तोच आला होता. त्याच्यामागून काय काय आलं! वडिलांचा ऊस घाण्यावर जायचा ती थंडीतली पहाट, कढईवरची पिवळी मळी, फडक्याने धरलेली कासंडी, आणि गुळव्याने ताटलीत ओतून दिलेली गरम काकवी. शेंगदाणे बुडवून खाताना आत्याने हातावर मारलेली चापटसुद्धा आली. साखरपाण्यात एवढं मावतं? तिने बसच्या खिडकीपाशी नाक नेलं. बाहेर डिझेल होतं, मोगरेवाली होती, तळणीची गाडी होती, हे तिला दिसत होतं. वास कशाचाच येत नव्हता. गाडी सुरू नसताना वास येत नसेल, असं एक अगदीच बाळबोध कारणही तिने स्वतःला देऊन पाहिलं.

दयानंदने, तिच्या नवऱ्याने, शनिवारी सकाळी तो डबा उघडला. तो बँकेत होता आणि खाण्याच्या बाबतीत त्याचं मत विचारावं लागत नसे. डब्यात एक पातळ पांढरी पोळी अर्धी दुमडून ठेवलेली होती. आत गोड लगदा आणि त्यातून दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावणारं कसलंसं लांब मूळ. मोरी-सानने चिठ्ठीवर लिहिलं होतं की ही नव्या वर्षाची मिठाई, आणि आतला लगदा खारवलेल्या सोयाबीनचा. "मुळ्याची पुरणपोळी," असं म्हणून दयानंदने ती बाजूला सारली. दुसरी एक खारवलेल्या पानात गुंडाळलेली गुलाबी मिठाई होती. पातोळ्याचं हळदीचं पान काढून टाकतात तसं क्षमाने ते पान सोलून टाकलं आणि मग चिठ्ठीत वाचलं की पान खायचं असतं, खारटपणा त्याचाच. तिने कचऱ्याच्या डब्यातून काही ते परत काढलं नाही. शेवटी वाराबी मोची. दयानंदने एक चौकोन तोंडात टाकला, बराच वेळ चघळला, गिळला, आणि म्हणाला, "ह्याला चवच नाही गं." क्षमाला त्याला मिठीच मारावीशी वाटली. आता ह्या चौकोनात चव नाही की माझ्यात, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. निदान एका पदार्थापुरती ती आणि दयानंद सारखेच होते. तिने दुसरा चौकोन घेतला, तिसरा घेतला. कशाचीच चव नसलेला पदार्थ करायला कुणीतरी डोंगरातून नेच्याची मुळं खणतो, कुटतो, धुतो, पुन्हा पुन्हा धुतो. कशासाठी? हे तिला जाणून घ्यावंसं वाटलं. इतक्या महिन्यांत एखाद्या पदार्थाबद्दल काही जाणून घ्यावंसं वाटलं हे पहिल्यांदाच, नाहीतर समोर ताटली आली की तिला फक्त लपायचं असायचं.

रविवारी ती चामराजपेटला गेली. निमित्त होतं आश्लेषाच्या आजोबांच्या पोस्टकार्डांचं. आश्लेषाचं घराणं शहाजीराजांच्या काळात ह्या मुलखात आलेलं, घरात मराठी पण निम्मी कानडीत भिजलेली, आणि आजोबा नरसिंहराव जुनी जपानी पोस्टकार्डं जमवायचे. आमच्या तातांकडे जपानी मिठाईची चित्रं आहेत, एकदा या की बघायला, असं आश्लेषा मागे कधीतरी म्हणाली होती. क्षमाला खरं तर आश्लेषाला एकटीला गाठून एकच गोष्ट विचारायची होती. चारचौघांत मॅडम म्हणणारी ही मुलगी दोघीच असल्या की तिला अक्का म्हणायची. मराठी बोलणाऱ्या त्या दोघीच होत्या तिथे. अक्का म्हणणारी मुलगी घरच्या दारात तरी खरं सांगेल, असा क्षमाचा हिशोब होता. पण दार नरसिंहरावांनी उघडलं आणि पहिलंच वाक्य असं, "ये अम्मा ये. चप्पल तिथे काढ. खोबरेल लावलंय केसाला? मग केसाला हात लावायचा नाही. आधी साबणाने हात धू, मग पूस, मग आणि एकदा पूस. ओल्या हाताने कार्ड धरलंस तर कॉफी मिळणार नाही, आत्ताच सांगतो."

"ताता, पहिल्यांदाच आल्यात त्या," आश्लेषा आतून ओरडली.

"म्हणूनच सांगतो. दुसऱ्यांदा येणाऱ्याला माहीत असतं."

नरसिंहरावांच्या आजोबांनी म्हणे बंगळुरात रेशमाचे किडे पाळायला शिकवणाऱ्या जपानी माणसांच्या हाताखाली काम केलं होतं. ती माणसं परत गेली, आणि त्यांतला एक जण पुढे बरीच वर्षं दर नव्या वर्षाला एक कार्ड पाठवत राहिला. त्या मूठभर कार्डांवरून नरसिंहरावांना नाद लागला आणि मग पेन्शनीतली वर्षं त्याच नादात गेली. कार्ड किती जुनं हे ओळखायची त्यांची रीत होती. मागची बाजू वळवायची. पत्ता आणि मजकूर वेगळे करणारी रेघ नसेल तर फार जुनं, रेघ तिसऱ्या हिश्श्यावर असेल तर मधलं, बरोबर निम्म्यावर असेल तर अलीकडचं. "अलीकडचं म्हणजे शंभर वर्षांचं," असं म्हणून ते स्वतःच हसले. मग एक एक कार्ड त्यांनी तिच्यापुढे सरकवलं, पत्ते वाटणाऱ्या माणसाच्या ऐटीत. लाकडी पूल, पुलावर छत्र्या. बोरूच्या काड्यांच्या पडद्याआड बसलेली बाई. आणि एका मिठाईच्या दुकानाचं कार्ड, तिथे एक माणूस तिरक्या ठेवलेल्या भल्यामोठ्या कढईपुढे उभा, कढईत पांढरे काटेरी दाणे. क्षमा खाली वाकली. "हा तर हलवा आहे!" ती म्हणाली. "संक्रांतीचा हलवा. तिळावर पाक चढवत चढवत काटे आणतात तो. आमची आई परातीवर हात भाजून घ्यायची." नरसिंहरावांनी चष्मा काढला, भिंगातून कार्ड न्याहाळलं आणि खूश होऊन म्हणाले, "हौदा? खरंच? मी आजवर ह्याला साबुदाणा म्हणत होतो, अम्मा. तू आलीस ते बरं झालं." क्षमाला इतका आनंद झाला की आपण इथे कशासाठी आलोय हे ती घटकाभर विसरली. बोटांच्या टोकांना परातीची उष्णता लागल्यासारखं झालं. संक्रांत चार दिवसांवर आली होती आणि ह्या घरात कुठेतरी तीळ भाजलेले असणार, वास मात्र नव्हता.

मग त्यांनी दोन कार्डं शेजारी शेजारी ठेवली आणि ते मागे टेकून बसले. दोन्हींवर तीच बाई. तीच बैठक, तोच किंचित उजवीकडे कललेला माथा, हातात तेच तबक, तबकात तीन गोल मिठाया. एका कार्डात तिचा किमोनो निळा आणि मिठाया गुलाबी, दुसऱ्यात किमोनो नारिंगी आणि मिठाया हिरव्या. क्षमा ह्या कार्डाकडून त्या कार्डाकडे बघत राहिली. "दोन वेगळे फोटो?" तिने विचारलं. "एकच. तेव्हा फोटो काळापांढराच. छापून झाल्यावर कारखान्यात बसून बायामुली हाताने रंग द्यायच्या. निळं माझ्या आजोबांचं, नारिंगी राजाजीनगरच्या भीमाचार्याचं. दहा वर्षं भांडलो आम्ही. मी म्हणायचो गुलाबी खरी, तो म्हणायचा हिरवी खरी. त्याच्या बोलण्याला आधार काय, तर त्याच्याकडे हिरवी आहे! माझ्यापाशी तरी दुसरा काय आधार होता म्हणा. मागच्या वर्षी मुलाकडे देवनहळ्ळीला राहायला गेला, जाताना हे माझ्या हातात कोंबून गेला. आता दोन्ही माझ्याकडे आणि भांडायला कुणी नाही." ते पुन्हा हसले, पण ह्या वेळी जरा कमी. "मग खरा रंग कुठला?" क्षमाने विचारलं. तिचा आवाज तिलाच चमत्कारिक वाटला. नरसिंहरावांनी खांदे उडवले. "ते त्या मिठाईवाल्याला विचारायचं, अम्मा. रंग देणाऱ्या पोरीने ती मिठाई बघितली तरी असेल का? तिच्यापुढे करडं चित्र ठेवलं, आणि शेजारी रंगाच्या वाट्या. तिला काहीतरी भरायचंच होतं."

काहीतरी भरायचंच होतं. क्षमाने भिंग मागून घेतलं. हिरवा रंग मिठाईच्या कडेच्या आतच थांबला होता, कुठे ओघळला नव्हता, हात कुठे कचरला नव्हता. गुलाबीचंही तेच. दोघींपैकी एकीलाही शंका आलेली दिसत नव्हती. त्या मुली लबाड नव्हत्या. घरी आपल्या आईने केलेली मिठाई एकीला आठवली असेल, ती हिरवी असेल. दुसरीला सणाची आठवली असेल. करड्यावर रंग चढला की करडं दिसेनासं होतं आणि मग रंगवणारीलाही वाटत असणार की मुळात होतंच हे असं. शुक्रवारी जिभेवर नुसतं गोड आलं होतं. गोड, तपकिरी, दाट, आणि समोर काकवीची गोष्ट चाललेली. बाकीचं सगळं तिचं तिने भरलं होतं, धूर, पहाट, मळी, चापट, आणि इतकं बेमालूम भरलं होतं की तिचेच डोळे भरून आले होते. म्हणजे पेले बदलले नव्हते. हे तिला कुणी सांगितलं नाही, कुठे पुरावा मिळाला नाही, तरी आता तिला ते हातातल्या भिंगाइतकं पक्कं कळलं. फार वाईट वाटलं तिला. नाक गेल्याचं दुःख तिने आजवर केलंच नव्हतं, लपवायच्या गडबडीत राहूनच गेलं होतं, ते आता ह्या परक्या माणसाच्या बैठकीत, दोन रंगीत बायांसमोर एकदम वर आलं. आई गेल्यानंतर तिच्या लुगड्यांचा वास घेता यायचा, तोही आता येणार नाही. आणि ह्या वाईट वाटण्याच्या पोटात, तिला स्वतःलाही लाज वाटावी असं, एक कुतूहल वळवळत होतं. भरलेलं काढून टाकलं तर खाली काय उरतं? करडं म्हणजे नक्की कसं असतं? ते तिने एकदाही बघितलं नव्हतं. करडं दिसायच्या आतच ती रंग भरून मोकळी व्हायची.

स्वयंपाकघरात आश्लेषा पितळी फिल्टरमधून डिकॉक्शन ओतत होती. क्षमा तिच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि भांड्यावर वाकली. गालांना वाफ लागली. ओली, गरम वाफ, बस. बंगळुरात आल्यापासून ह्या वासावर तिचा दिवस सुरू व्हायचा. "आश्लेषा, खरं सांग," ती म्हणाली. "शुक्रवारी पेले खरंच बदलले होते?" आश्लेषाने साखरेचा डबा ओढला. "अक्का, साखर स्वल्प घालू की जास्ती?" "मी काय विचारायलेय?" "सोडा की ते. सोमवारी परत आहेच की. ह्या वेळी मी दोनदा बघून भरते." तिने मान वर केली नाही. तिला लाज वाटत होती, हे क्षमाला दिसलं, पण कशाची ते कळलं नाही. आपल्याला वाचवायला खोटं बोलल्याची लाज असणार, असं ती धरून चालली. इतकी चांगली मुलगी आपल्यापायी शिव्या खाते म्हणून तिला भरून आलं आणि तरीही ती गप्प राहिली, कॉफी प्यायली, छान झाली म्हणाली. नरसिंहराव दारापर्यंत पोचवायला आले तेव्हा, "पुढच्या वेळी खोबरेल न लावता ये," एवढंच म्हणाले.

सोमवारी चाचणी खोल्यांमध्ये होती. खोल्या कसल्या, फळ्या लावून केलेले कप्पे, एकेका माणसापुरते, आत लाल दिवा. लाल उजेडात सगळे पाक सारखेच काळे दिसतात, म्हणजे डोळ्याने कुणी फसू नये. चाचणीच्या दिवशी केसांत फूल नाही, अत्तर नाही, आधी तासभर कॉफी नाही, हे सगळे नियम क्षमानेच घातलेले. एका फेरीत तीन बशा यायच्या. दोन एकसारख्या, एक वेगळी. वेगळी कुठली ते सांगायचं. आणि कळत नाही असं लिहायची सोय नव्हती. कळलं नाही तरी एका बशीवर बोट ठेवलंच पाहिजे, हाही तिचाच नियम. माणसाला वाटतं त्यापेक्षा जास्त कळत असतं, असं ती नव्या मुलांना सांगायची. आज तिला आपल्या ह्या वाक्याचं हसू आलं. झरोक्यातून पहिल्या तीन बशा आत आल्या. बशीत वाराबी मोचीचा एक एक चौकोन, वर पाक. तिने पहिला उचलला आणि आज पहिल्यांदाच ठरवलं की काहीही आठवायचं नाही. गाव आलं की परत पाठवायचं. ते आलंच, दारात उभं राहिलं, तिने त्याला थोपवून धरलं. मग काय उरलं? आधी गार. मग जिभेखाली एक थरथर, जिवंत काही धरल्यासारखी, आणि दातांना लागता लागता निसटणं. टाळूला हलकेच चिकटून सुटणं. ते सुटताना एक बारीकसा आवाज येतो, बाहेर ऐकू जाणार नाही असा. पाक आधी वेगळा असतो, मग चौकोनाच्या कडेने उतरतो, मग दोन्ही एक होतात. गोड येतं ते जिभेच्या टोकाला, कडांना, आणि गिळून झाल्यावर मागे राहतो एक किंचित कडवटपणा. हे सगळं इथे होतंच की. चवच नाही म्हणणाऱ्या दयानंदला आणि तिलाही दिसलं नव्हतं एवढंच. दुसरी बशी, तिसरी. तिसऱ्यातला पाक लगबगीने उतरला, चौकोनावर थांबलाच नाही. तिने तिसरीवर बोट ठेवलं. पुढची फेरी, त्याच्या पुढची. ती रमली. आपली परीक्षा चालू आहे हेही तिच्या लक्षात राहिलं नाही, आणि झरोका बंद झाला तेव्हा एवढ्यात संपलं म्हणून ती जरा खट्टू झाली.

निकाल जुळवून आश्लेषा आत आली तेव्हा तिच्यामागे चंदन सरही होते. बाकीच्यांची कुठे बरोबर कुठे चूक, नेहमीसारखं, पण क्षमाच्या सगळ्या फेऱ्या बरोबर होत्या. एकही चुकली नव्हती. "मॅडम म्हणजे मॅडम," चंदन सर म्हणाले आणि मोरी-सानला फोन लावत निघून गेले. सुटले, क्षमाला वाटलं. आता वर्षभर कुणी विचारणार नाही, दोन वर्षं विचारणार नाही, निवृत्तीपर्यंतही निभेल. हे तिला वाटलं हे खरंच आहे. आश्लेषा समोर उभी होती, हसत होती, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलेलं नव्हतं. "झालं अक्का, आता पक्कं झालं," ती म्हणाली. "शुक्रवारी मीच पेले बदलले. खरं सांगू, मी परत परत बघितलं होतं त्या दिवशी. माझ्या हिशोबाने पेले बरोबर होते. पण तुम्ही म्हणालात धूर आहे, मग माझंच काहीतरी चुकलं असणार ना? दोन दिवस झोप नाही मला. एवढं साधं काम, तेही आपल्याला येत नाही असं वाटायला लागलं. आता निदान कळलं तरी."

म्हणजे मुलगी खोटं बोललीच नव्हती. कुणाला वाचवायला वगैरे काही नाही. तिने स्वतःच्या हाताने भरलेले पेले, स्वतःच्या डोळ्याने वाचलेले आकडे, आणि क्षमाने एक शब्द उच्चारल्याबरोबर तिने आपले डोळे खोटे ठरवले होते. टेबलाभोवतीच्या बाकीच्यांनी साखरपाणी पिऊन धूर लिहिला होता. आणि हे शुक्रवारीच झालं असेल असं थोडंच आहे? क्षमाला एकदम बसावंसं वाटलं. ती बसली, कप्प्यातल्याच स्टुलावर, लाल उजेडात.

"पेले बदलले नव्हते," ती म्हणाली.

"पण आज तुम्ही सगळ्या..."

"आज मी पातळ आणि घट्ट ओळखलं. मांड्याची काकवी पातळ आहे, लवकर उतरते. चवीचा काही संबंध नाही. मला वास येत नाही, आश्लेषा. श्रावणापासून. काहीच येत नाही. काल तुझी कॉफीसुद्धा नाही. तू पेले बरोबर भरले होतेस. मी चुकले आणि बोलणी तुला खावी लागली. आत्ता वर जाऊन सरांना सांगते, मोरी-सान पुन्हा येतील तेव्हा त्यांच्यापुढे माझ्याऐवजी तू बोलायचंस हेही सांगते." बोलताना आवाज कापेल असं तिला वाटलं होतं, तो कापला नाही. उलट खूप दिवसांनी पाठ टेकायला मिळाल्यासारखं झालं. आश्लेषाच्या चेहऱ्यावर आधी भीती आली, मग दया आली, आणि मग हळूहळू काहीतरी वेगळंच यायला लागलं, आपले पेले बरोबर होते हे तिच्या डोक्यात शिरलं असावं. क्षमाने उरलेली एक बशी तिच्याकडे सरकवली. जपानच्या पाकाची. "खा," ती म्हणाली. "आणि सांग मला."

"तुमच्यासारखं सांगता येणार नाही, अक्का. मी तर आजवर तुम्ही आधी जे बोलायचात तेच लिहायची."

"माझ्यासारखं नकोच आहे. मी काही बोलणार नाही. मला काहीच माहीत नाही असं समज. नाहीच आहे माहीत."

आश्लेषाने चौकोन उचलला, बोटांत थरथरू दिला, तोंडात ठेवला. डोळे मिटले. मग तिने नाक मुरडलं आणि दचकून क्षमाकडे बघितलं, चूक केल्यासारखं. क्षमा तशीच बसून राहिली.

"मला हे आवडत नाही," आश्लेषा म्हणाली. "कधीच आवडलं नव्हतं. लोखंडासारखं लागतं. पावसात गेटची कडी धरून मग बोट चाटलं तर कसं लागेल, तसं."

"आणि मग?" क्षमाने विचारलं.